गूगल ॲलर्ट्स

गूगल ॲलर्ट्स ही गूगल या अमेरिकन कंपनीची मोफत सेवा आहे. वापरकर्त्याने ठरवून दिलेल्या शोधशब्दांशी जुळणारा नवा मजकूर गूगलच्या शोधसूचीत दाखल झाला, की त्याची माहिती ही सेवा ई-मेलने आपोआप कळवते. बातम्या, संकेतस्थळांवरील नवी पाने, अनुदिन्या, चित्रफिती, पुस्तके इत्यादी प्रकारच्या परिणामांसाठी ती वापरता येते. तीच गोष्ट दररोज नव्याने शोधण्याचे श्रम वाचावेत, हा तिचा मुख्य हेतू आहे.

ही सेवा सुरू करण्यास काही मिनिटे पुरतात. तिचा उपयोग किती होईल, हे मात्र शोधशब्दांच्या निवडीवर अवलंबून असते. मराठी मजकुरासाठी व विशेषतः लहान गावांच्या नावांसाठी ही निवड अधिक काळजीपूर्वक करावी लागते. एकाच नावाची अनेक ठिकाणे, शुद्धलेखनातील भेद, विभक्तिप्रत्ययांमुळे बदलणारी रूपे आणि मजकूर वाचता येणार नाही अशा स्वरूपात प्रसिद्ध होणारी सरकारी कागदपत्रे, ही त्याची कारणे होत. ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील पूर्णा या गावाच्या उदाहरणाने या अडचणी व त्यांवरील उपाय पुढे स्पष्ट केले आहेत.

या लेखात 'ॲलर्ट' हा शब्द वापरकर्त्याने नोंदविलेल्या कायमस्वरूपी शोधासाठी वापरला आहे. शासकीय कार्यालयांकडून प्रसिद्ध होणाऱ्या सूचनांचा उल्लेख 'जाहीर नोटीस' किंवा 'अधिसूचना' असा केला आहे.

## पार्श्वभूमी

एखाद्या विषयावरील नवी माहिती इच्छुकाकडे आपणहून पोहोचविण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व अमेरिकेत वृत्तपत्रांतील कात्रणे पुरविणाऱ्या संस्था उदयास आल्या. ग्राहकाने आपले नाव किंवा विषय कळवावा, संस्थेच्या वाचकांनी रोजची वृत्तपत्रे चाळून त्यासंबंधीचा मजकूर कापून पाठवावा, अशी त्यांची पद्धत होती. मराठी वृत्तपत्रांच्या संदर्भ विभागांत आणि ग्रंथालयांतही विषयवार कात्रणे चिकटवून ठेवण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली.

या कामासाठी यंत्राचा वापर करण्याचा विचार आयबीएम कंपनीतील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली मांडला. प्रत्येक वाचकाच्या आवडीच्या विषयांची नोंद यंत्रात ठेवावी, नव्या दस्तऐवजांतील शब्दांशी ती ताडून पाहावी आणि जुळणारे दस्तऐवज तेवढे त्या वाचकाकडे पाठवावेत, असा तो आराखडा होता. ग्रंथालयशास्त्रात ही पद्धत पुढे 'निवडक माहिती प्रसारण' या नावाने रूढ झाली. गूगल ॲलर्ट्सचे तत्त्व मूलतः हेच आहे. फरक असा, की येथे दस्तऐवजांचा संग्रह एका ग्रंथालयापुरता मर्यादित नसून गूगलने नोंदविलेल्या संपूर्ण वेबएवढा आहे.

## इतिहास

गूगल ॲलर्ट्सची सुरुवात २००३ साली झाली. गूगलच्या आरंभीच्या अभियंत्यांपैकी एक, मूळचे आंध्र प्रदेशातील नागा काटारू यांनी ही सेवा विकसित केली. प्रारंभी तिचा भर बातम्यांवर होता. नंतर वेबवरील इतर पाने व अन्य प्रकारचा मजकूर तिच्या कक्षेत आला.

२०१३ हे वर्ष या सेवेच्या दृष्टीने बदलांचे ठरले. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर ही सेवा बंद करण्यात आली. त्या सुमारास ॲलर्टचे परिणाम आरएसएस फीडद्वारे मिळविण्याची सोयही काढून घेण्यात आली. त्याच वर्षी ती पुन्हा उपलब्ध झाली. त्यामुळे परिणाम ई-मेलने किंवा फीडने, अशा दोन मार्गांनी घेता येतात.

## कार्यपद्धती

गूगलचे स्वयंचलित प्रोग्रॅम वेबवरील पाने सतत वाचत असतात. त्या पानांवरील शब्दांची एक प्रचंड सूची तयार केली जाते. नेहमीच्या शोधात वापरकर्ता शब्द देतो आणि त्या क्षणी सूचीत असलेली पाने त्याला दाखविली जातात. ॲलर्टमध्ये हा क्रम उलटा असतो. शब्द आधीच नोंदवून ठेवलेले असतात आणि सूचीत नव्याने आलेली पाने त्यांच्याशी ताडून पाहिली जातात.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली, 'नवा परिणाम' म्हणजे नवी घटना नव्हे. गूगलच्या सूचीत नव्याने आलेले पान जुन्या घटनेविषयीही असू शकते. म्हणून ॲलर्टमधून आलेल्या दुव्यावरील मूळ तारीख तपासणे आवश्यक ठरते. दुसरी, गूगलच्या सूचीत जे पान आलेलेच नाही, त्याविषयी ॲलर्ट कधीही येणार नाही. व्हॉट्सॲपच्या गटांतील संदेश, खासगी फेसबुक गट आणि लॉग-इन केल्यावरच उघडणारी पाने सामान्यतः या सूचीबाहेर राहतात.

## ॲलर्ट तयार करणे

ॲलर्ट गूगलच्या या सेवेच्या स्वतंत्र पानावरून तयार करता येतो. गूगल खात्यात प्रवेश केलेला असल्यास परिणाम त्या खात्याच्या पत्त्यावर येतात. खात्यात प्रवेश न करताही ई-मेल पत्ता देऊन ॲलर्ट नोंदविता येतो. अशा वेळी त्या पत्त्यावर आलेल्या दुव्यावर जाऊन विनंतीची खात्री द्यावी लागते. खात्री दिल्याशिवाय ॲलर्ट सुरू होत नाही.

पानाच्या वरच्या चौकटीत शोधशब्द लिहिताच सध्याच्या परिणामांचा नमुना खाली दिसू लागतो. हा नमुना काळजीपूर्वक पाहावा. त्यात असंबद्ध पाने अधिक असतील, तर पुढे येणाऱ्या ई-मेलमध्येही तीच दिसण्याचा संभव असतो. पर्यायांची यादी उघडल्यास पुढील बाबी ठरविता येतात:

* वारंवारता: परिणाम सापडताच, दिवसातून जास्तीत जास्त एकदा किंवा आठवड्यातून जास्तीत जास्त एकदा.
* स्रोत: आपोआप निवड किंवा बातम्या, अनुदिन्या, वेब, चित्रफिती, पुस्तके इत्यादींपैकी ठरावीक प्रकार.
* भाषा: सर्व भाषा किंवा यादीतील एखादी विशिष्ट भाषा.
* प्रदेश: सर्व प्रदेश किंवा एखादा विशिष्ट देश.
* संख्या: केवळ उत्तम परिणाम किंवा सर्व परिणाम.
* पोहोच: ई-मेल पत्ता किंवा आरएसएस फीड.

शेवटी ॲलर्ट तयार करण्याचे बटण दाबल्यावर तो यादीत दिसू लागतो. यादीतील पेन्सिलीच्या चिन्हाने त्यात बदल करता येतो व कचरापेटीच्या चिन्हाने तो काढून टाकता येतो. दातेरी चक्राच्या चिन्हामागील मांडणीत ई-मेल येण्याची वेळ ठरविता येते, तसेच अनेक ॲलर्टचे परिणाम एकाच ई-मेलमध्ये एकत्र मागविता येतात. परगावी किंवा परदेशी राहून गावाकडील घडामोडींवर लक्ष ठेवणाऱ्यांना ही एकत्रित पद्धत सोयीची पडते.

लहान ठिकाणांच्या बाबतीत दोन पर्याय विशेष महत्त्वाचे आहेत. 'केवळ उत्तम परिणाम' ही निवड ठेवल्यास कमी वाचल्या जाणाऱ्या स्थानिक वृत्तसंकेतस्थळांवरील मजकूर गाळला जाऊ शकतो. म्हणून गावाच्या नावासाठी 'सर्व परिणाम' हा पर्याय अधिक योग्य ठरतो. तसेच भाषेचा पर्याय शक्यतो 'सर्व भाषा' असाच ठेवावा. मराठी व हिंदी या दोन्ही भाषांची लिपी देवनागरी असल्याने छोट्या मजकुराची भाषा यंत्राला चुकीची ओळखू येण्याची शक्यता असते. शिवाय महाराष्ट्रातील गावांविषयीचा बराच मजकूर इंग्रजीतही असतो.

## शोधशब्दांची रचना

ॲलर्टमध्ये नेहमीच्या गूगल शोधातील चिन्हे वापरता येतात. त्यांपैकी पुढील चिन्हे उपयुक्त आहेत.

अवतरणचिन्हे. दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेले शब्द त्याच क्रमाने व त्याच रूपात शोधले जातात. "पूर्णा गाव" असे लिहिल्यास हे दोन शब्द सलग असलेली पाने अपेक्षित असतात.

वजाचिन्ह. नको असलेल्या शब्दाच्या आधी, मध्ये जागा न सोडता वजाचिन्ह दिल्यास तो शब्द असलेली पाने वगळली जातात.

पर्यायदर्शक 'ऑर'. दोन शब्दांपैकी कोणताही एक चालणार असल्यास त्यांच्यामध्ये हा इंग्रजी शब्द रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत लिहावा लागतो. त्याऐवजी उभी रेषाही वापरता येते. देवनागरीत लिहिलेला 'किंवा' हा शब्द हे काम करीत नाही, तो साधा शोधशब्द समजला जातो.

संकेतस्थळाची मर्यादा. 'साइट' हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत लिहून त्यापुढे अपूर्णविराम व संकेतस्थळाचा पत्ता दिल्यास केवळ त्या संकेतस्थळावरील पाने शोधली जातात. देवनागरी कळफलक सुरू असताना अपूर्णविरामाच्या जागी नकळत विसर्ग उमटू शकतो. दोन्ही चिन्हे दिसायला सारखी असली तरी संगणकाच्या दृष्टीने ती भिन्न असून विसर्गामुळे ही आज्ञा निष्फळ ठरते.

शोधशब्दांची रचना पक्की करण्यापूर्वी ती नेहमीच्या गूगल शोधात वापरून आणि कालावधी गेल्या महिन्यापुरता मर्यादित करून पाहावी. त्या महिन्यात प्रसिद्ध झालेली, आपल्याला आधीच ठाऊक असलेली एखादी बातमी त्यात दिसत नसेल, तर रचनेत दुरुस्ती करावी.

## उदाहरण: पूर्णा (भिवंडी)

पूर्णा हे ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यातील गाव आहे. यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेल्या भिवंडी शहराच्या ठाण्याकडील बाजूस काल्हेर, राहनाळ, वळ आदी गावांच्या परिसरात ते वसले आहे. हा परिसर गोदामांसाठी ओळखला जातो. ठाणे–भिवंडी–कल्याण या मुंबई मेट्रोच्या मार्गिका ५ वरील स्थानकांत काल्हेर व अंजूरफाटा यांच्या दरम्यान पूर्णा या स्थानकाचा समावेश आहे. या मार्गिकेचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याण येथे झाले. रस्ते, मेट्रो, गोदामे व जमिनीचे व्यवहार यांमुळे या गावाच्या रहिवाशांना आपल्या परिसरासंबंधीची माहिती वेळेवर मिळणे महत्त्वाचे ठरते.

तथापि केवळ 'पूर्णा' या शब्दाचा ॲलर्ट केल्यास येणारे बहुतांश परिणाम या गावाचे नसतात. हे नाव पुढील गोष्टींनाही आहे:

* परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे तालुक्याचे ठिकाण व रेल्वे जंक्शन.
* विदर्भातून वाहत जाऊन जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीला मिळणारी पूर्णा नदी.
* मराठवाड्यातील, गोदावरीला मिळणारी पूर्णा नदी. येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे हिच्यावर आहेत.
* गुजरातमधील नवसारी शहराजवळून वाहणारी पूर्णा नदी.
* वसमत येथील पूर्णा सहकारी साखर कारखाना.
* २०१४ साली वयाच्या तेराव्या वर्षी एव्हरेस्ट सर करणाऱ्या तेलंगणातील गिर्यारोहक मालावत पूर्णा आणि त्यांच्या जीवनावरील २०१७ चा हिंदी चित्रपट.

पावसाळ्यात धरणांच्या विसर्गाच्या व पुराच्या बातम्यांत 'पूर्णा' हे नाव वारंवार येते. अशा दिवसांत केवळ एका शब्दाचा ॲलर्ट जवळजवळ निरुपयोगी होतो.

### नाव निश्चित करणे

यावरील पहिला उपाय म्हणजे गावाच्या नावाला ठिकाण निश्चित करणाऱ्या दुसऱ्या शब्दाची जोड देणे. 'पूर्णा' व 'भिवंडी' हे दोन्ही शब्द असलेली पाने मागितल्यास नद्या व परभणीचे शहर बहुतेक करून गळून जातात. 'पूर्णा' व 'काल्हेर', 'पूर्णा' व 'राहनाळ', 'पूर्णा' व 'अंजूरफाटा' अशा शेजारच्या गावांच्या जोड्याही उपयोगी पडतात, कारण स्थानिक बातमीत तालुक्याचे नाव नसले तरी शेजारच्या गावाचा उल्लेख असू शकतो. पिनकोड ४२१३०२ हा अंकही खूण म्हणून वापरता येतो. मात्र तो भिवंडीच्या मोठ्या परिसराचा असून देवनागरी व रोमन अशा दोन्ही अंकांत लिहिला जातो, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा उपाय वजाचिन्हाचा आहे. पूर्णा व भिवंडी यांचा एकत्र उल्लेख असलेल्या पानांत गोदामांचे पत्ते, भाड्याच्या जागांच्या जाहिराती आणि नोकरीच्या जाहिराती मोठ्या प्रमाणात असतात. ज्याला केवळ गावाच्या बातम्या हव्या आहेत, त्याला अशा पानांत नेहमी आढळणारे शब्द वजा करता येतील. परंतु 'गोदाम' हा शब्दच वजा केल्यास गोदामाला लागलेल्या आगीची किंवा अनधिकृत गोदामांवरील कारवाईची बातमीही गळून जाईल. म्हणून वगळावयाचा शब्द निवडताना तो शब्द असलेली कोणती बातमी गमावणे परवडणार नाही, याचा विचार आधी करावा. शंका असल्यास शब्द न वगळता स्रोत 'बातम्या' इतकाच ठेवलेला एक स्वतंत्र ॲलर्ट करणे अधिक सुरक्षित असते.

### विषयवार ॲलर्ट

एकाच मोठ्या ॲलर्टपेक्षा तीन-चार लहान ॲलर्ट वाचायला सोपे जातात. पूर्णा गावासाठी त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल:

१. गावाच्या सर्वसाधारण बातम्या: 'पूर्णा' व 'भिवंडी', स्रोत बातम्या, दिवसातून एकदा.
२. मेट्रो: 'पूर्णा' व 'मेट्रो' यांसह 'भिवंडी' किंवा 'मार्गिका ५', आठवड्यातून एकदा.
३. जमीन व नियोजन: 'भिवंडी' यासह 'भूसंपादन', 'अधिसूचना', 'विकास आराखडा', 'हरकती' यांपैकी कोणताही शब्द, स्रोत सर्व, परिणाम सापडताच.
४. हेच तीन शोध रोमन लिपीतील नावांनी.

तिसऱ्या ॲलर्टमध्ये गावाचे नाव हेतुतः घेतलेले नाही. अनेक गावांसाठी एकत्रित निघालेल्या नोटिशीच्या बातमीत सर्व गावांची नावे छापली जातातच असे नाही. गाव कोणते हे मूळ कागदपत्र उघडून पाहावे लागते.

## मराठीतील विशेष अडचणी

### शुद्धलेखन व लिप्यंतर

'पूर्णा' हे नाव दीर्घ ऊकाराने लिहिणे शुद्ध असले, तरी वेबवर 'पुर्णा' असे ऱ्हस्व उकाराने लिहिलेलेही आढळते. रोमन लिपीत पहिल्या अक्षरासाठी एक 'यू' किंवा दोन 'ओ' अशी दोन रूपे प्रचलित आहेत. 'भिवंडी'च्या बाबतीत देवनागरीत अनुस्वाराऐवजी 'भिवण्डी' असे जुन्या वळणाचे रूप दिसू शकते, तर रोमन लिपीत 'व' हा 'डब्ल्यू' किंवा 'व्ही' या अक्षराने लिहिला जातो. गूगल काही पर्यायी रूपे स्वतःहून जुळविते, परंतु लहान गावाच्या नावाबाबत त्यावर विसंबून राहू नये. अवतरणचिन्हांत लिहिलेल्या नावाचे प्रत्येक महत्त्वाचे रूप 'ऑर'ने जोडून देणे हाच खात्रीचा मार्ग होय.

### विभक्ती

इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात सहसा बदलत नाही. मराठीत प्रत्यय नावाला जोडूनच लिहिले जातात. त्यामुळे एकाच भिवंडीची भिवंडीत, भिवंडीतील, भिवंडीच्या, भिवंडीहून, भिवंडीकर अशी अनेक रूपे होतात. आकारान्त स्त्रीलिंगी नावाचे मूळ रूपही बदलते. 'शाळा' या शब्दाचे 'शाळेत' होते, त्याप्रमाणे 'पूर्णा'चे 'पूर्णेत', 'पूर्णेच्या' असे होते. 'पूर्णेला पूर' या मथळ्यात 'पूर्णा' हा शब्द अक्षरशः नाहीच.

गावाच्या संदर्भात लेखक पुष्कळदा 'पूर्णा येथील', 'पूर्णा गावात', 'पूर्णा गावाच्या' अशी रचना करतात व नाव मूळ रूपात राहते. ही बाब शोधणाऱ्याच्या पथ्यावर पडते. 'भिवंडी'च्या प्रत्यययुक्त रूपांपैकी किमान 'भिवंडीत' व 'भिवंडीतील' ही दोन रूपे ॲलर्टमध्ये समाविष्ट करावीत, कारण बातमीच्या मथळ्यात व पहिल्या वाक्यात तीच अधिक येतात.

### एकच अक्षर, अनेक संकेत

देवनागरीतील काही अक्षरे संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठविली जातात. या लेखाच्या शीर्षकातील 'ॲ' हे त्याचे उदाहरण होय. युनिकोडच्या २००८ साली आलेल्या ५.१ या आवृत्तीत त्याला स्वतंत्र संकेत मिळाला. त्याआधी 'अ' ला अर्धचंद्र जोडून हे अक्षर लिहिले जात असे व ती पद्धत पूर्णपणे गेलेली नाही. दोन्ही रूपे वाचकाला सारखी दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती वेगळी असू शकतात. ज्या नावात असे अक्षर आहे, त्याची दोन्ही रूपे देणे इष्ट ठरते.

युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकुराची अडचण याहून मोठी आहे. श्रीलिपी, कृतिदेव, आकृती यांसारख्या प्रणालींतील जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांची चित्रे रोमन अक्षरांच्या किंवा इतर चिन्हांच्या संकेतांवर बसविलेली असत. अशा फॉन्टमध्ये तयार केलेला दस्तऐवज पडद्यावर शुद्ध मराठी दिसतो, पण त्यातील मजकूर शोधयंत्राला अर्थहीन अक्षरांच्या रूपात मिळतो. त्या दस्तऐवजात गावाचे नाव दहा वेळा आले असले, तरी देवनागरी शोधशब्दाने ते सापडत नाही.

## जाहीर नोटिसा व कायदेशीर मुदती

ॲलर्टचा सर्वांत गंभीर उपयोग, आणि त्याची सर्वांत मोठी मर्यादा, जाहीर नोटिशींच्या संदर्भात दिसून येते. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्याच्या कलम ११ नुसार प्राथमिक अधिसूचना पुढील ठिकाणी प्रसिद्ध करावी लागते: राजपत्रात, त्या भागात खपणाऱ्या दोन दैनिकांत, ज्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतील असावे, स्थानिक भाषेत ग्रामपंचायत किंवा नगरपालिका आणि जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी व तहसील यांच्या कार्यालयांत, तसेच शासनाच्या संकेतस्थळावर. कलम १५ नुसार हितसंबंधित व्यक्तीला अधिसूचनेच्या प्रसिद्धीपासून ६० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेता येते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास योजनेतील फेरबदलावर हरकती व सूचना देण्यासाठी नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्याची मुदत असते.

या मुदती लहान आहेत. आठवड्यातून एकदा येणाऱ्या ॲलर्टमुळे एका महिन्यातील सात दिवसांपर्यंतचा काळ सहज जाऊ शकतो. म्हणून जमीन व नियोजन या विषयांसाठी परिणाम सापडताच कळविणारा पर्याय निवडणे योग्य ठरते.

तरीही ॲलर्ट आला नाही म्हणजे नोटीस निघाली नाही, असे मानणे धोक्याचे आहे. नोटीस अनेकदा छापील कागदाच्या छायाचित्राच्या स्वरूपात संकेतस्थळावर ठेवली जाते. ई-पेपरमधील जाहिरातीही चित्ररूपात असू शकतात. चित्रातील देवनागरी अक्षरे शोधयंत्राने वाचलीच पाहिजेत अशी हमी नसते. काही संकेतस्थळांवरील कागदपत्रे दिनांक किंवा कार्यालय निवडल्यावरच उघडतात. अशी पाने स्वयंचलित प्रोग्रॅमच्या हाती लागत नाहीत. पान सूचीत आलेच, तरी ते प्रसिद्धीनंतर काही दिवसांनी येऊ शकते, तर हरकतीची मुदत मूळ प्रसिद्धीपासून मोजली जाते. ॲलर्ट न मिळणे हे उशिराचे कायदेशीर कारण होऊ शकत नाही.

यामुळे ज्यांची जमीन किंवा घर प्रस्तावित प्रकल्पाच्या परिसरात आहे, त्यांनी ॲलर्टला पुढील जोड देणे आवश्यक आहे: ग्रामपंचायत व तहसील कार्यालयातील सूचना फलक ठरावीक दिवशी पाहणे, जिल्हा प्रशासनाच्या व संबंधित नियोजन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरील नोटिशींचे पान स्वतः उघडून पाहणे आणि गावात येणाऱ्या मराठी दैनिकातील जाहीर नोटिसा वाचणे. एखाद्या पानावर नवी नोंद झाली की कळविणाऱ्या, पानातील बदल टिपणाऱ्या स्वतंत्र सेवाही उपलब्ध आहेत. नोटीस चित्ररूप असली, तरी तिचे शीर्षक यादीत मजकूर म्हणून दिलेले असते, तेव्हा अशा सेवा ॲलर्टपेक्षा अधिक उपयोगी पडतात.

## निगा

ॲलर्ट एकदा करून विसरण्याची गोष्ट नाही. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे आलेले परिणाम पाहून शब्द वाढवावेत किंवा कमी करावेत. ई-मेलमधील असंबद्ध परिणामाबाबत तशी खूण करण्याची सोय असते. ॲलर्टचे ई-मेल जाहिरातींच्या किंवा स्पॅमच्या कप्प्यात जात नाहीत ना, हे तपासावे. जीमेलमध्ये गाळणी तयार करून असे सर्व ई-मेल एका स्वतंत्र नावाखाली साठविता येतात. दीर्घकाळ एकही ई-मेल न आल्यास तोच शोध गूगलवर प्रत्यक्ष करून पाहावा. तेथे नवे परिणाम दिसत असतील, तर ॲलर्टची मांडणी तपासावी किंवा तो काढून पुन्हा तयार करावा.

## गोपनीयता व सुरक्षितता

ॲलर्टची यादी वापरकर्त्याच्या गूगल खात्याशी जोडलेली राहते. कोणाला कोणती व्यक्ती, जमीन, आजार किंवा वाद यांत रस आहे, हे त्या यादीवरून कळू शकते. कार्यालयातील सामायिक संगणकावर किंवा सायबर कॅफेत ॲलर्ट केल्यास काम संपताच खात्यातून बाहेर पडावे. आपले नाव वेबवर कोठे येते हे पाहण्यासाठी स्वतःच्या नावाचा ॲलर्ट करण्याची पद्धत प्रचलित आहे. आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक यांसारखी माहिती मात्र शोधशब्द म्हणून नोंदवू नये.

फसवी पाने जशी शोधपरिणामांत शिरतात, तशीच ती ॲलर्टमधूनही पोहोचू शकतात. ॲलर्टमध्ये दुवा आला म्हणजे गूगलने ते पान तपासून मान्य केले, असा अर्थ होत नाही. पान उघडताच काही डाउनलोड करण्यास, बक्षीस स्वीकारण्यास किंवा संकेतशब्द देण्यास सांगितले जात असल्यास ते बंद करावे. ॲलर्टसारख्या दिसणाऱ्या बनावट ई-मेलबाबतही पाठविणाऱ्याचा पत्ता पाहून खात्री करावी.

## तत्सम सेवा

गूगल स्कॉलर या सेवेत शोधनिबंधांसाठी स्वतंत्र ॲलर्ट करता येतात. एखाद्या विषयावरील नवे निबंध किंवा एखाद्या निबंधाचा संदर्भ देणारे नवे लेखन त्यातून कळते. न्यायालयीन प्रकरणांसाठी ई-कोर्ट्स या भारतीय न्यायालयांच्या व्यवस्थेत प्रकरणाची माहिती व पुढील तारीख पाहता येते. एखाद्या विशिष्ट दाव्यासाठी वेबवरील ॲलर्टपेक्षा तीच व्यवस्था विश्वसनीय होय. टॉकवॉकर, मेन्शन यांसारख्या कंपन्यांनीही वेबवरील उल्लेख टिपणाऱ्या सेवा दिल्या असून त्यांचा वापर मुख्यतः व्यापारी संस्था आपल्या नाममुद्रेवर लक्ष ठेवण्यासाठी करतात.